दक्षिणेला दार असलेली मोटार

३ डिसेंबर ६१
लिलावात घेतलेली जुनी प्रवासी मोटार आज जागेवर बसली. चार बैलजोड्या, किसनची नऊ माणसं आणि मी. चाकं डेपोची, दोन दिवसांच्या बोलीवर आणलेली, ती काढून परत पाठवली. इंजिन लिलावाआधीच गेलं होतं. आता खाली रेल्वेचे जुने स्लीपर आणि वर नुसती मोटार. ती हलायची नाही आणि मीही.

तोंड तळ्याकडे, पश्चिमेला. अकरा वर्षं ही चालवली, हिच्या काचेतून धूळ, गुरं आणि पुढच्या बैलगाडीचं बूड पाहिलं. रिटायर झालो, आता पाणी पाहीन.

जागा किसनची, धुऱ्याजवळचा, शेताच्या बांधालगतचा पडीक तुकडा. शाळेपासूनचा दोस्त, म्हणून कागद नाही. म्हणाला, "राहा महाराज कितीबी दिवस. पन जेवाले घरी येत जा." म्हटलं, येणार नाही, स्टोव्ह आणलाय.

मुलाला, वसंतला, पत्र टाकलं : पोचलो, अकोल्याला येण्याचा आग्रह करू नये. सौ.ला वेगळं लिहिलं नाही. तिथंच आहे, वाचेलच.

५ डिसेंबर
बाक उपटून काढले. पुढचा लेडीज बाक ठेवला, त्यावर ट्रंक. मागे फळ्यांची खाट, मधे स्टोव्ह, पाण्याचा माठ कंडक्टरच्या जागेवर.

सकाळी चहा घेऊन ड्रायव्हरच्या सीटवर बसलो. स्टिअरिंग काढू दिलं नव्हतं. समोर बगळे, पलीकडे धुणं धुणाऱ्या बाया. पाय आपोआप ब्रेक शोधतो. सापडत नाही तेव्हा बरं वाटतं.

९ डिसेंबर
तळ्यावरून परत आलो तर आत एक म्हातारी गाठोडं मांडीवर घेऊन बसलेली. म्हणाली, "चांदूरले जाते न?"

"नाही आजी, ही कुठंच जात नाही."

"मंग कावून उभी आहे?"

चहा दिला. तो पिऊन तिनं चारी बाजूंना पाहिलं आणि म्हणाली, "घरवाली कोटी आहे तुमची?" म्हटलं, अकोल्याला, पोराकडे. "हं," म्हणाली. त्या 'हं'चा अर्थ मला कळला आणि रागही आला. साडेतीनच्या गाडीसाठी तिला फाट्यापर्यंत पोचवून आलो.

१४ डिसेंबर
वसंतचं पत्र. चार पानं, टाइप केलेली. बापालाही टाइप करून लिहितो. मुद्दे असे : वकिलाचा बाप भंगार मोटारीत राहतो हे बार रूममध्ये कळलं आहे. मागची खोली रिकामी करून ठेवली आहे. सुमनला, म्हणजे सूनबाईला, वाईट वाटतं. आई काही बोलत नाही.

ती मागची खोली मला माहीत आहे. खिडकी उघडली की शेजाऱ्याची भिंत, हात लांब केला तर चुना लागतो. चौतीस वर्षं पुढचा रस्ता पाहिलेल्या माणसाला त्या खोलीत बसवायचं म्हणजे शिक्षाच.

कार्डावर उत्तर दिलं : भंगार नाही, लिलावाची आहे. बार रूमला नमस्कार.

'आई काही बोलत नाही' हे मात्र दोनदा वाचलं.

२१ डिसेंबर
सौ. आणि वसंत आले. चांदूरपर्यंत रेल्वे, पुढं किसनची बैलांची दमणी. मी दोन दिवसांपासून झाडलोट करत होतो, हे लिहायला हरकत नाही. खिडक्यांच्या काचा राखेनं घासल्या. तिच्यासाठी खुंटीला आरसा लावला.

दमणीतून उतरली, गाडीकडे चालत आली आणि दारापाशी थांबली. सूर्याकडे पाहिलं. पुन्हा दाराकडे पाहिलं.

"अहो, हे दार दक्षिणेला आहे."

मी काही बोलायच्या आत वसंत म्हणाला, "बघा, आईलाही पटत नाही." तिनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो दमणीतली सतरंजी काढायला गेला. मग मला म्हणाली, "दक्षिणेच्या दारानं मी घरात जाणार नाही. तुम्ही राहा." कडुलिंबाखाली सतरंजी घालून बसली. डबा तिथंच सोडला, मला तिथंच वाढलं. गाडीत पाऊल टाकलं नाही. आरसाही पाहिला नाही. तीन वाजता गेले.

२२ डिसेंबर
चूक माझीच, पण ती फक्त या वहीत कबूल करतो.

बाप भिक्षुक, आजोबा भिक्षुक, थोरला भाऊ भिक्षुक. अर्ध्या अमरावतीच्या वास्तुशांती आमच्या घराण्यानं केल्या. दक्षिण ही यमाची दिशा, हे आम्हा पोरांना बाराखडीच्या आधी येत होतं. आणि मी गाडी लावताना तोंड पाहिलं, दार पाहिलं नाही. ड्रायव्हर तोंडच पाहतो. दार पाहणं कंडक्टरचं काम. पश्चिमेला तोंड केलं की उतारूंचं डावं दार दक्षिणेला येणार, हे कळायला शास्त्र लागत नव्हतं.

किसनला आधीच कळलं होतं. "मले दिसलं होतं महाराज. पन तुमी भट, तुमाले मी का सांगू?"

फिरवायला परत चाकं हवीत, आणि चाकं परतवाड्याच्या गाडीला लागली. असती तरी फिरवलं नसतं. फिरवलं तर तोंड किसनच्या गोठ्याकडे होतं. गोठा पाहायला मी इथं आलो नाही.

२ जानेवारी ६२
दादा आला, अमरावतीहून, सातच्या गाडीनं. वय चौसष्ट, पण फाट्यापासून चालत. गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली, तीही उलटी, कारण या बाजूला चिखल होता.

म्हणाला, "मोटारीची वास्तुशांती होत नाही. आणि झाली असती तरी या दाराची मी केली नसती."

"मागितली कुणी?"

"बायकोला तिथं ठेवून तू इथं बसतोस. लोक मला विचारतात."

म्हटलं, लोकांना सांग की भाऊ वाया गेला. तू चाळीस वर्षं तेच सांगतो आहेस. हे बोलायला नको होतं. मी मोटार कंपनीत लागलो तेव्हा आमचे वडील, आप्पा, माझ्याशी सहा वर्षं बोलले नाहीत, आणि घरात माझं नाव काढणारा एकटा दादाच होता. पण तोंडून निघून गेलं. तो रागावला नाही. खिचडी खाल्ली, दोनदा घेतली. जाताना म्हणाला, "तिला विचारलं होतंस का, गाडी घेण्याआधी?"

मी म्हटलं, तुझी गाडी चुकेल.

१४ जानेवारी
संक्रांत. सातच्या गाडीवर माझाच जुना चेला आहे, त्यानं फाट्यावर हॉर्न दिला. सौ.नं अकोल्याहून डबा पाठवला होता, तिळाच्या वड्या, कडक. मला कडकच आवडतात. चिठ्ठी नव्हती. मीही कधी पाठवली नाही.

अर्ध्या वड्या किसनकडे दिल्या. त्याची बायको म्हणाली, "बाई कदी येतीन मंग?" या गावात दुसरा विषय नाही.

२० जानेवारी
खरंच विचारलं नव्हतं. लिलावाची नोटीस डेपोत वाचली, बोली लावली, घरी जाऊन सांगितलं : गाडी घेतली, तळ्यावर राहायचं. ती पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं नाही. मला वाटलं, हो म्हणाली.

बदल्यांच्या वेळीही असंच. यवतमाळ, मूर्तिजापूर, परत अमरावती. येऊन सांगायचो, ती बांधाबांध करायची. आता वसंतवर, दादावर, गावावर ओरडतो, त्यात मजाही येते. पण यांच्याशी भांडणं सोपं आहे. अवघड काय आहे ते दादा जाता जाता सांगून गेला.

पत्र लिहायला घेतलं. 'चि. सौ.' लिहिलं आणि पुढं काही सुचेना. दोन कागद फुकट गेले. बगळे पाहत बसलो.

२८ जानेवारी
अष्टग्रहीनं सगळ्यांची डोकी फिरली आहेत. तीन तारखेपासून आठ ग्रह मकर राशीत जमणार, जग बुडणार. चांदूरच्या बाजारात म्हणे होमासाठी तूप मिळत नाही. दादाला तीन यज्ञांची बोलावणी आहेत, त्याची चांदी आहे. गावातले निम्मे लोक घर कोसळेल म्हणून बाहेर निजणार आहेत.

किसन तेवढा थंड. "एवढ्या वरून ग्रहायले आपलं वावर दिसते का महाराज?"

वसंतचं पत्र, या वेळी हातानं लिहिलेलं. तीन ते पाच तरी घरी या, सगळे एकत्र असू. उत्तर टाकलं : जग बुडायचंच असेल तर मी तळ्याकाठीच आहे, मला लांब जावं लागणार नाही.

टाकल्यावर वाटलं, हे सौ. वाचेल.

३ फेब्रुवारी
दुपारी साडेतीनची गाडी फाट्यावर थांबली. एकच बाई उतरली, हातात लोखंडी पेटी. मी सीटवरून पाहत होतो. चाल ओळखायला वेळ लागला, कारण ती एकटी कधी प्रवास करत नाही.

धावत गेलो. पेटी घेतली. विचारलं, वसंत कुठं? म्हणाली, "यज्ञाला बसलाय. मी स्टेशनवर जाते एवढंच सांगितलं." मग थोडं चालून, "तिथं सगळे एकत्र होते. तुम्ही नव्हता."

गाडीपाशी आलो. ती दक्षिणेच्या दाराकडे गेलीच नाही. मागून वळसा घालून पलीकडे गेली, ड्रायव्हरच्या दारापाशी उभी राहिली.

"हे कुठलं?"

"ड्रायव्हरचं."

"हे उत्तरेला आहे."

मी बावीस वर्षांचा असल्यापासून त्या बाजूनं गाड्यांत चढतो. दोन महिने झाले, सकाळचा चहा घेऊन रोज तिथूनच सीटवर चढतो. दादानं प्रदक्षिणा घातली. आम्हा दोघा भटांच्या डोक्यात ते दार दार म्हणून आलंच नाही.

म्हटलं, पायरी उंच आहे, जमणार नाही. म्हणाली, "मी काय म्हातारी झाले?" नऊवारीचा काष्टा सावरला, दांडी धरली, उजवा पाय आधी टाकला आणि चढली. आणि तिथंच बसली, माझ्या सीटवर. मी खाली पेटी घेऊन उभा.

स्टिअरिंगवर हात ठेवून समोर तळं पाहिलं. म्हणाली, "कायम मागं बसवलंत मला. पुढं असं दिसतं होय."

कंपनीचा नियम होता, असं म्हणणार होतो. म्हटलं नाही.

४ फेब्रुवारी
जग आहे तिथंच. किसनच्या घरून कढी आली, सौ.नं भाकरी केल्या. स्टोव्हला तिनं नावं ठेवली, फळ्यांच्या खाटेला ठेवली, माठाच्या जागेला ठेवली. नावं ठेवते आहे हे पाहून बरं वाटलं. पाहुणी नावं ठेवत नाही.

दुपारी तळ्यावर धुणं घेऊन गेली. दोन तास आली नाही. पाहायला गेलो तर बायांच्या घोळक्यात बसून हसत होती. मला पाहून सगळ्या धुण्याकडे वळल्या.

दक्षिणेच्या दारानं मी आत-बाहेर करतो. ती करत नाही. प्रत्येक वेळी वळसा घालून त्या उंच पायरीनं चढते.

५ फेब्रुवारी
संध्याकाळी विचारलं, अकोल्याला काही त्रास आहे का? म्हणाली, "नाही. सगळे फार चांगले आहेत. सारखं चांगल्यांत राहून दमायला होतं." मग म्हणाली, "इथंही दमायला होईल. प्यायचं पाणी लांब आहे. आणि तुम्ही दिवसभर समोर."

म्हटलं, त्यात काय?

"तुम्ही घरात असायची मला सवय नाही हो."

मी यावर चिडलो. तिनं चिडू दिलं.

६ फेब्रुवारी
अष्टग्रही संपली. उद्या सातच्या गाडीनं परत जाते म्हणाली. वसंत काळजीत असेल, सुमनला सातवा महिना आहे. सगळं खरं आहे. दिवसभर दोघंही कामात असल्यासारखे वावरलो.

७ फेब्रुवारी
फाट्यावर गेलो. पेटी माझ्या हातात. गाडी लांबून दिसायला लागली, वळणावरची धूळ. मला त्या धुळीवरून मिनिटं सांगता येतात. तीन मिनिटं.

विचारलं. साध्या शब्दांत विचारलं. "तू इथं येऊन राहशील का माझ्याजवळ? नसेल यायचं तर तसं सांग. मी रागावणार नाही." शेवटचं खोटं होतं, पण बोललो.

गाडी येऊन थांबली, चेल्यानं सलाम केला, कंडक्टरनं पेटी वर घेतली. एक पाय पायरीवर ठेवून ती वळली.

"चौतीस वर्षं तुमच्या गाडीची वाट पाहिली मी. कधी आठला यायची, कधी दुसऱ्या दिवशी. आता थोडी तुम्ही पाहा."

आत गेली. पुढच्या बाकावर बसली, खिडकीशी.

परत आलो. किसन धुऱ्यावर उभा होता. "का म्हने बाई?" सांगितलं. तो हसून हसून खाली बसला. "बरं झालं महाराज. लय बरं झालं." मी त्याच्याशी दिवसभर बोललो नाही.

१२ फेब्रुवारी
वसंतचं पत्र. मुद्दे तेच. शेवटी : आईला विचारलं तर म्हणते, माझं आणि त्यांचं चाललंय, तू मधे पडू नकोस.

हे वाक्य चारदा वाचलं.

१९ फेब्रुवारी
ड्रायव्हरच्या दाराखाली पायरी बांधतो आहे. दगड किसनचे, चुना चांदूरचा. ती आली तर चढायला, नाही आली तर मला, माझेही गुडघे दुखतात. कुणी काही समजू नये.

अकोल्याला जाऊन आणायचं का, असं किसननं विचारलं. जाणार नाही. तिनं वाट पाहा म्हटलं आहे, ये म्हटलेलं नाही. फिरवणारही नाही गाडी. तोंड तळ्याकडेच राहील.

फाट्यावरून दिवसात दोनच गाड्या जातात. सातची आज थांबली नाही. साडेतीनची यायची आहे.