बाबाचा व्हिडिओ पुरा चालला

संघपाल,

मी एसटीनं नरखेडले मामाकडे चालली. संत्र्याची कलमं बांधायची आहेत, म्हणून बाबाचा फोन सोबत नेला. घरात शोधत बसू नको. गॅसवरच्या गंजात भाजी आहे, गरम करून घेजो.

बाबू, तुये उपकार कसे सांगू! कंपनीनं वाऱ्यावर सोडलेल्या फोनात तू ते साऱ्यांसाठी खुलं असलेलं सॉफ्टवेअर टाकलं, तेव्हा मी तुले किती बोलली. त्यानंतर बाबाचा कलम बांधायचा व्हिडिओ लावला की फोन तव्यासारखा तापे अन् अर्ध्यातच बॅटरी संपे. बाबाले मधातून सुरू करणं मले बरं वाटे ना, म्हणून दरवेळी पहिल्यापासूनच लावत होती. तू म्हणाला, व्हिडिओची चिप झोपून आहे, सारा भार दुसरीवर पडून राहिला. मले काही समजलं नाही. पण तू तिले जागं केलं, अन् आज व्हिडिओ पुरा चालला. बॅटरीही उरली.

बाबाचा आवाज आला की तू उठून बाहेर जातं, म्हणून लिहून ठेवते. व्हिडिओच्या शेवटी मामा विचारते, "भाऊजी, तुमच्यामागं कलमं कोण बांधन?" बाबा सुरी पुसत म्हणते, "माया संघा. मोबाईल खोलत बसते म्हणून मी त्याच्यावर खेकसतो, पण हात पाहा त्याचा. कलमाले असाच हलका हात लागते."

रविवारी नरखेडले ये गा. दोन रोपं कलम बांधायले तुयासाठी ठेवते.

आई