मापीच्या पिंजऱ्याबाबत खरा खुलासा

गुलमोहर कॉलनी, गोरेगाव (ता. सेनगाव)
रथसप्तमीचा दुसरा दिवस

आदरणीय देविदासराव यांना,

संपतरावचा कंबर वाकेल तेवढा वाकून नमस्कार. तुमचा डावा गुडघा, वहिनींचा खोकला आणि यंदाची कोकरं, तिन्हींची खबर चांगली असेल अशी आशा आहे. इकडं माझी तब्येत उत्तम आहे. तुमच्या बहिणीची त्याहून उत्तम आहे, हे तुम्हाला खालच्या मजकुरावरून कळेलच.

फोन सोडून पत्र काहून, असं तुम्ही म्हणाल. फोन लावला की नर्मदा शेजारी येऊन बसते आणि माझ्या दर वाक्याला दुरुस्ती सुचवते. शिवाय तुम्ही ‘बोला दाजी, ऐकून राहिलो’ असं म्हणून फोन खिशात टाकता आणि मेंढरं हाकायला लागता. मागच्या वेळी माझं अर्धं बोलणं तुमच्या एका एडक्यानं ऐकलं (हुंकार मात्र तो बराबर वेळेवर देत होता). आणि या प्रकरणाबद्दल तुमच्या कानावर भलतंसलतं येण्याआधी खरं काय ते लेखी असावं, असं मला वाटतं. पंचायत समितीत तेहतीस वर्षं काढलेल्या माणसाला लेखी गोष्टीचं मोल ठाऊक असतं.

तुम्ही वास्तुशांतीला आला होता तेव्हा आमची कॉलनी नवी होती. आता एकोणीस घरं झाली आहेत. गुलमोहर अजून एकही नाही, बाभळी मात्र भरपूर, आणि त्या बाभळींच्या पलीकडं ओढा, ओढ्यापलीकडं माळ. आमची लेक रागिणी पुण्याला नव्या फ्लॅटमध्ये राहायला गेली तेव्हा तिथं कुत्रं चालत नाही म्हणून तिची पांढरी झुबकेदार कुत्री आमच्याकडं ठेवून गेली. तिचं नाव मफिन. हा एक केकचा प्रकार आहे म्हणे. कॉलनीच्या तोंडात ते बसेना, म्हणून तिची मापी झाली. उंची वीतभर, भुंकणं तालुक्याएवढं. मला स्वतःला कुत्र्यामांजरांचा लळा नाही, हे तुम्हाला माहीत आहे. मी तिला सकाळी फिरवतो, दुपारी दूधभाकर कुस्करून देतो आणि ऊन लागू नये म्हणून तिच्यावर छत्री धरतो, ते केवळ पोरीनं जबाबदारी टाकली म्हणून.

संक्रांतीच्या आसपास तुरी निघाल्या, रानं मोकळी झाली आणि कॉलनीत गडबड सुरू झाली. आधी शेजारच्या धर्मसिंग गुरुजींचं मांजर गेलं. मग नानीबाईची पाळलेली तीन बदकं गेली, मागं नुसती पिसं उरली. नानीबाईनं दोन दिवस चूल पेटवली नाही. (ती बदकं तिच्यामागं किराणा दुकानापर्यंत रांगेनं जायची, त्यामुळं तिचं दुःख सगळ्या कॉलनीला कळलं.) हा बिबट्याच, असं सर्वानुमते ठरलं. खरं सांगायचं तर लोकांना थोडा आनंदही झाला, कारण बिबट्या आला की टीव्हीवाले येतात. ताबडतोब पाळीव प्राणी संरक्षण समिती निघाली आणि अध्यक्षपदासाठी सगळ्यांच्या नजरा माझ्याकडं वळल्या. मी उभाच होतो, त्यामुळं वळणं सोपं गेलं.

वनखात्याच्या मोहिनीताई पाहणीला आल्या. वयानं आमच्या रागिणीएवढ्या, पण ओढ्याकाठचे ठसे पाहून अर्ध्या मिनिटात म्हणाल्या, “काका, हा लांडगा आहे. बिबट्या न्हाई.” कॉलनीचे चेहरे पडले. गुरुजींनी तर पुन्हा एकदा नीट बघा म्हणून विनंती केली. ताईंनी मग सगळ्यांना गोळा करून सांगितलं, की दिवेलागणीच्या आधी जनावर घरात घ्या, बाहेर बांधून ठेवू नका, बांधलेलं कुत्रं म्हणजे लांडग्याला वाढलेलं ताट. कोंबड्या-बकऱ्याची घाण ओढ्यात टाकू नका. कुंपणाजवळची झुडपं काढा, दिवा लावा. आणि त्याला मारायला जाऊ नका, तोही पोटासाठी फिरून राहिला.

आता हे इतकं साधं होतं की अध्यक्ष म्हणून मला त्यात करण्यासारखं काही उरेना. म्हणून मी स्वतःच्या योजना आखल्या. पहिली, बुजगावणं. माझ्या निरोपसमारंभाचा सफारी त्याला चढवून ओढ्याकडं तोंड करून उभं केलं. लांडग्यावर त्याचा परिणाम काय झाला ते कळलं नाही, पण आमचा दूधवाला थावरा दोन दिवस त्याला ‘रामराम साहेब’ करत होता आणि साहेब उत्तर देत नाहीत म्हणून तिसऱ्या दिवशी रुसला. दुसरी, आवाज. मोबाइलवरची वाघाची डरकाळी गुरुजींच्या मोठ्या स्पीकरवर लावली. त्यासरशी कॉलनीतल्या चार म्हशी दावी तोडून पार सेनगाव रस्त्याला लागल्या. त्या परत आणण्यात समितीचा रविवार गेला. योजना यशस्वी होती, फक्त जनावर चुकीचं निवडलं गेलं.

तिसरी योजना मात्र मुळातच भक्कम होती. पिंजरा. गावातल्या वेल्डरकडून माझ्या डोक्यानं बनवून घेतला, माणूस बसेल एवढा (मापी वाढेल, या हिशेबानं. ती सात वर्षांची आहे, हे रागिणीनं नंतर सांगितलं). जाड जाळी, वर पत्रा, वाटी सरकवायला खाली एक फट, आणि दार असं की आपोआप लागावं आणि कडी बाहेरून आपली आपण पडावी. लांडग्याला कडी काढता येत नाही, हा त्यामागचा विचार. दिवसा मापीनं अंगणात मोकळं हिंडावं आणि ऊन उतरलं की पिंजऱ्यात शिरावं, असा नियम मी केला.

मापीला नियम पटेना. परवा नर्मदा नानीबाईकडं हळदीकुंकवाला गेली होती. सूर्य माळाआड चालला होता. मी मापीला आत ढकलतोय, ती पायातून निसटतेय, असं पाच वेळा झालं. मग मी विचार केला, लेकराला शिकवायचं तर आधी आपण करून दाखवावं. मी वाकून आत गेलो, मांडी घातली आणि म्हटलं, “बघ मापे, किती मजा आहे.”

दार आपोआप लागलं. कडी आपली आपण पडली. देविदासराव, त्या वेल्डरचं काम फार चोख आहे.

मी हाक मारणार, एवढ्यात मापीचं भुंकणं थांबलं. मी कुंपणाकडं पाहिलं. झुडपं जिथं अजून काढायची राहिली होती (तो विषय पुढच्या बैठकीत होता), तिथून तो आत आला. मातकट रंग, लांब पाय, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. तुम्ही जन्मभर बघत आलात, मी पहिल्यांदाच बघत होतो. तो गुरगुरला नाही, काही नाही. नुसता उभा राहून मापीकडं पाहत होता, आणि मध्ये अंगण होतं दहा पावलांचं. घराचं दार उघडं होतं. मापीनं पळायला पाहिजे होतं. पण ती येड्यासारखी माझ्याकडं आली आणि पिंजऱ्याला पाठ लावून थरथरत बसली. मी आत आहे म्हणजे ती सुरक्षित आहे, असा तिचा समज.

मी ओरडलो. जाळी हलवली. पिंजऱ्यातल्या माणसाला लांडगा किती किंमत देतो, ते मला त्या वेळी समजलं. तो दोन पावलं पुढं आला. तेव्हा मी खालच्या फटीतून हात बाहेर घातला आणि मापीचा पट्टा धरून ठेवला, शिस्त म्हणून. बाकी मी पूर्ण शांत होतो.

इतक्यात फाटकातून तुमची बहीण आली. हातात वाणाचा डबा. तिनं डबा फेकला, पदर दोन्ही हातांनी पंखासारखा पसरला आणि ‘हुर्र्र हाऽऽ!’ अशी आरोळी ठोकत सरळ लांडग्यावर चालून गेली. ही तुमच्या घराण्याची आरोळी असणार. लग्नाला एकतीस वर्षं झाली, मी ती ऐकली नव्हती (आणि ऐकली नव्हती हे माझं नशीब). लांडगा वळला, कुंपणातून गेला, ओढ्यात उतरला. अर्थात त्याआधी मी त्याच्या डोळ्याला डोळा देऊन त्याचं मन पुष्कळ खचवलं होतं, हे तुम्ही अनुभवी माणूस म्हणून मान्य कराल.

त्यानंतर दोन दिवसांत ओढ्याकाठची सगळी झुडपं निघाली, घाण टाकणं बंद झालं, दिवे लागले आणि दिवेलागणीला प्रत्येकाचं जनावर घरात असतं. म्हणजे मोहिनीताई म्हणाल्या होत्या तेच, पण माझ्या अध्यक्षतेखाली. नानीबाईनं दोन नवी पिलं आणली आहेत. आमच्याकडून सर्व क्षेम. वहिनींना नमस्कार, कोकरांना आशीर्वाद.

आपला,
संपतराव

ता. क. धर्मसिंग गुरुजींनी आरोळी ऐकून धावत येऊन मदतीच्या आधी फोटो काढला. तो कॉलनीच्या ग्रुपवर आहे आणि उद्यापर्यंत तुमच्या गावी डोंगरकड्याला पोचेल. त्यात पिंजऱ्यात मी आणि बाहेर कुत्रं, असं दिसतं. फोटोवर जाऊ नये.

ता. क. २. येत्या रविवारी समितीची बैठक आहे आणि नवा अध्यक्ष निवडावा, असं काहीजण बोलून राहिले. तुम्ही अवश्य यावं. लांडग्याच्या बाबतीत तुमच्या शब्दाला वजन आहे. तुम्ही फक्त एवढंच म्हणायचं, की आमच्याकडंही पिढ्यान्‌पिढ्या राखण करणारा माणूसच पिंजऱ्यात बसतो आणि जनावर बाहेर ठेवतात. बाकी मी सांभाळतो.

दादा, मी नर्मदा. पाकीट चिकटवायला माझ्याकडं दिलं म्हणून वाचलं. तू ये, पण ते पिंजऱ्याचं काही बोलू नको, लोकं तुलाबी हसतील. मी कडी काढली, दार सताड उघडलं, म्हणलं चला बाहेर, गेला तो. तर हे हालेनात. मनगट फटीच्या पत्र्यानं सोललेलं, रक्त आलेलं, अन् बोटं पट्ट्यात अशी रुतलेली की मला एकेक करून सोडवावी लागली. तोंडानं नुसतं ‘माझी मापी, माझी मापी’ चालू होतं. गुरुजीला मी तो फोटो पुसायला लावला, यांना अजून सांगितलं न्हाई. येताना एक घोंगडं आण. यांचं मापीनं घेतलं, अन् ती झोपली की हे ओढत न्हाईत, रातभर कुडकुडतात.