टोपिकाच्या कॅसेटची शेवटची पाच मिनिटं

करामा, दुबई
गुरुवार

ती. सोमनाथदादा,

साष्टांग नमस्कार लिहिणार होतो, पण माझा उजवा गुडघा पाहता ते खोटं ठरेल, म्हणून खुर्चीत बसूनच हात जोडतो. तुमची साखर आटोक्यात असेल आणि वैभवीवहिनींचा हात आता खांद्याच्या वर जात असेल अशी आशा आहे. (विभावरी म्हणते, दादाला साखरेचं विचारू नका, तो चिडतो. न विचारलं तर वहिनी चिडतात. विचार करून मी वहिनींची बाजू घेतली आहे.) आम्ही तिघंही ठीक. इकडचा उन्हाळा उतरला आहे, म्हणजे दुपारी गाडीचं स्टिअरिंग आता रुमालाशिवाय धरता येतं. ईश्वरीचं युनिव्हर्सिटीचं शेवटचं वर्ष चालू आहे. आम्ही मराठीत विचारतो, ती इंग्रजीत उत्तर देते आणि दोन्ही पक्षांना आपण जिंकल्यासारखं वाटतं.

कागदी पत्र पाहून दचकू नका, कोणी गेलेलं नाही. विषय तुमच्या पुस्तकाचा आहे आणि तो फोनवर सांगण्यासारखा नाही, कारण फोनवर तुम्ही मला तिसऱ्या वाक्याला थांबवता. रसायनशास्त्राचे प्राध्यापक असताना आणि निवृत्त झाल्यावरही सगळं आयुष्य ज्या कामाला लावलंत, ती ‘ग्रॅव्हल कझिन्स : समग्र ध्वनिमुद्रणसूची’ सोमवारी कोल्हापूरला छापायला जाणार, हे मला माहीत आहे. कॅन्ससमधल्या एका रॉक बँडच्या (मी मनातल्या मनात त्यांना खडीवाले म्हणतो, राग नसावा) सगळ्या रेकॉर्डी, अकरा स्टुडिओ अल्बम, चार लाइव्ह, दोन संकलनं, एकोणतीस सिंगल आणि त्यांनी स्वतःच नंतर नाकारलेली ती नाताळच्या गाण्यांची तबकडी, हे सगळं एका मराठी माणसाने चाळीस वर्षं लोखंडी कपाटात कापूर घालून जपलं आणि त्याची यादी केली, याचा आम्हाला अभिमानच आहे. यादीत चूक राहू नये असं तुम्ही नेहमी म्हणता. म्हणून हे लिहायला घेतलं.

तुम्ही मार्चमध्ये माझ्यावर कामगिरी सोपवलीत. टोपिका शहरातल्या लाइव्ह अल्बमची १९९१ सालची एक कॅसेट दुबईत निघाली होती, तुमच्या यादीत नोंद क्रमांक सत्तेचाळीस, ‘आखाती आवृत्ती’. तिच्या दुसऱ्या बाजूला शेवटी एक गाणं आहे जे जगात दुसरीकडे कुठेही नाही. नऊ वर्षांपूर्वी फिनलंडच्या कोणा संग्राहकाने ते इंटरनेटवर चढवलं, तेव्हापासून तुमच्या मंडळात त्यावर वाद चालू आहेत आणि तुम्ही त्यावर पुस्तकात सलग तीन पानं लिहिली आहेत. मुखपृष्ठासाठी खरी कॅसेट हवी होती. (त्या गाण्याची लिंक तुम्ही मला सहा वेळा पाठवलीत आणि सहाही वेळा मी अंगठा दाखवला. आता कबूल करतो, एकदाही ऐकलं नव्हतं.)

शोधाची हकिगत थोडक्यात सांगायची म्हटलं तरी लांबेल. पुस्तकाची मुद्रितं मी आमच्या जुमेरा लेक टॉवर्समधल्या ऑफिसात छापून घेतली, म्हणजे दुकानदारांना दाखवता येतील. त्यातलं पान एकोणचाळीस एसीच्या चिलरला लागणाऱ्या वॉल्व्हच्या निविदेत मिसळलं आणि शारजाच्या एका पुरवठादाराकडे गेलं. तो भला माणूस आहे. त्याने ते प्रत्येक परिच्छेदाखाली सही करून, ‘नोटेड अँड अग्रीड’ असा शिक्का मारून परत पाठवलं. तुमच्या विवेचनाशी बिनशर्त सहमत झालेला हा पहिलाच अभ्यासक, म्हणून सांगतो. आमच्याच ऑफिसखाली एक गोरा मनुष्य कॉफी आणि जुन्या रेकॉर्डी विकतो, त्याच्याकडे गेलो. त्याने आधी हात धुवून यायला सांगितलं, मग कॅसेट हा शब्द ऐकून कीव आल्यासारखं पाहिलं. कॉफी पंचवीस दिरहमची होती. विभावरीने घरी मोठ्याने सहाशे रुपये केले आणि दादाच्या कामासाठी चालतील म्हणाली. माझ्या कामासाठी ती असं म्हणत नाही.

शेवटी गेल्या शनिवारी मेट्रोने देराला गेलो. तिथे अजीजभाई म्हणून माझे जुने ओळखीचे आहेत, मूळचे दाभोळचे. आता त्यांच्या दुकानात मोबाइलची कव्हरं, चार्जर आणि अत्तरं असतात, पण नव्वद-एक्क्याण्णव साली ते मागच्या खोलीत दोन डेक जोडून कॅसेट भरून विकायचे. (परवानगीचा विषय त्यांनी काढला नाही, मग मीही काढला नाही.) मी तुमचं पान पुढे केलं. त्यांनी चष्मा लावून ते वाचलं, मग चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं. नंतर माळ्यावरच्या खोक्यातून एक कॅसेट काढून माझ्यापुढे ठेवली. फोटो सोबत जोडला आहे. वरची अक्षरं अजीजभाईंच्याच हातची आहेत आणि टोपिकाचं स्पेलिंग त्यांनी आपल्या सोयीने केलं आहे.

दादा, आता जरा टेकून बसा. ते गाणं खडीवाल्यांचं नाही. ते इथेच देराला, दुकानामागच्या त्याच खोलीत, एका शुक्रवारी, बिर्याणी झाल्यावर भरलं गेलं. त्या खोलीत तेव्हा सातजण राहायचे. मला हे तुम्हाला माझ्या शब्दांत सांगायचं धाडस नाही, म्हणून अजीजभाईंचंच वाक्य देतो.

“टेप साठ मिनिटांची, टोपिका पंचावन्न मिनिटांत खलास. पाच मिनिटं रिकामी गेली की गिऱ्हाईक कॅसेट परत आणायचा, बोलायचा माल कमी दिला. मग काय करणार? घरात होतं ते घातलं.”

घरात होता मोईन. तो बंदरावर हिशेबनिसाच्या हाताखाली काम करायचा आणि त्याच्याकडे चार तारांची गिटार होती (मूळच्या सहा). त्याला चाल सुचायची, पण इंग्रजी शब्द येत नव्हते आणि गिऱ्हाईक तर इंग्रजी कॅसेट म्हणून पैसे मोजणार. तेव्हा समोर दूध पावडरचा डबा होता, त्याच्या पाठीवरचा इंग्रजी मजकूर त्याने गायला. तीन चमचे घ्या, कोमट पाण्यात ढवळा, वापरानंतर झाकण घट्ट लावा, कोरड्या व थंड जागी ठेवा. तुम्ही शब्द अगदी अचूक उतरवून घेतले आहेत, एकही चुकलेला नाही. फक्त तीन चमचे म्हणजे बँडमधले तीन चुलतभाऊ, घट्ट झाकण म्हणजे रेकॉर्ड कंपनीने केलेली मुस्कटदाबी आणि कोरडी जागा म्हणजे कॅन्ससचा दुष्काळ, एवढ्या भागाचा फेरविचार व्हावा. ईश्वरीला मी गाणं ऐकवलं. तिने एक कान देऊन ऐकलं आणि म्हणाली, “बाबा, दॅट्स लिटरली अ मिल्क टिन.” हे गाणं त्या बँडचं नाहीच म्हणणाऱ्या, तुमच्या मंडळातल्या नेब्रास्काच्या दंतवैद्याला जी गोष्ट नऊ वर्षांत सिद्ध करता आली नाही, ती हिला आठ सेकंदांत कळली.

ढोल म्हणून जे ऐकू येतं तो तोच डबा, रिकामा झाल्यावर. यावर तुमचं सगळं एकोणचाळिसावं पान आहे. हा हात ड्वेन हॅचबर्नचाच, तो भांडून बँड सोडून गेलेला पहिला ड्रमर, असं तुम्ही म्हटलं आहे. पुरावा म्हणून लिहिलंय की डावा हात प्रत्येक ठेक्याला किंचित उशिरा पडतो, “हा उशीर चुकीचा नाही, समजुतीचा आहे, गाणाऱ्याला श्वास घ्यायला जागा करून देणारा असा हात त्या पिढीत दुसऱ्या कोणाला नव्हता.” दादा, डबा वाजवणारा एका एसी कंपनीतला कारकून होता. बिर्याणीचा कांदा चिरताना त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं कापली होती आणि त्यावर चिंधी होती. चिंधी बांधलेला हात उशिराच पडणार. अजीजभाईंना त्याचं नाव आठवतं, पण नावाने तुमच्या यादीत काही फरक पडत नाही.

अशा चाळीसेक कॅसेट निघाल्या आणि विकल्या गेल्या, एकही परत आली नाही. त्यातली एक कुठल्या तरी जहाजावरून फिनलंडला गेली असावी. मोईन नंतर गुहागरला गावी परतला आणि गेल्या वर्षी वारला. आपण कॅन्ससचे म्हणून गाजतोय हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. घरून दोन महिने पत्र नव्हतं तेव्हा त्याने ते गायलं, असं अजीजभाई म्हणाले. गाणारा माणूस आपल्या घरापासून फार लांब आहे, असं तुम्ही लिहिलंय. तेवढं मात्र बरोबर आहे.

तेव्हा माझं स्पष्ट मत असं की नोंद क्रमांक सत्तेचाळीस काढावी. सदतीस ते एकोणचाळीस ही पानं काढावीत. मुखपृष्ठावर दुसरं काहीही घ्यावं, ती नाताळची तबकडी वाईट दिसत नाही. तो दंतवैद्य हसेल, त्याला हसू द्या. चाळीस वर्षं कपाटासमोर बसून तुम्ही एक गोष्ट शिकवलीत, की जे निघालं तेच यादीत जातं आणि जे निघालं नाही ते कितीही आवडलं तरी जात नाही. (आमच्या लग्नाच्या याद्या तुम्ही केल्या होत्यात, तेव्हाही हाच नियम होता. माझे दोन मामा त्यात गेले नाहीत.) छपाई एकदा झाली की झाली. मी कर्तव्य म्हणून कळवलं, निर्णय तुमचा.

वहिनींना नमस्कार. खांद्याला शेक चालू ठेवायला सांगा.

आपला,
प्रकाश

ता. क. यातलं काहीही विभावरीला सांगितलेलं नाही. तिने पुस्तकाची मुद्रितं दोनदा वाचली आहेत आणि पान एकोणचाळीस तिला सगळ्यात आवडलं. परवा ते तिने मला मोठ्याने वाचून दाखवलं. मी भाजी निवडत होतो, निवडतच राहिलो.

दुसरा ता. क. डबा वाजवणारा कारकून मी. वर लिहिलं नाही, कारण तुम्ही पहिल्या ओळीत वाचलं असतंत तर पुढे वाचलं नसतंत. अजीजभाईंनी कॅसेट लावली तेव्हा ते काही सांगायच्या आधीच मी ओळखलं आणि चार्जरच्या खोक्यावर बसलो. लाज वाटायला हवी होती, ती नंतर वाटली. आधी फार आनंद झाला. विभावरीला पाहायला तुमच्याकडे आलो होतो तेव्हा टेबलावर बोटं वाजवत होतो आणि तुम्ही माझ्या हातावर हात ठेवून ती थांबवलीत, आठवतं का? म्हणालात, ताल अंगात असावा लागतो. त्यानंतरच्या एकोणतीस वर्षांत मी तुमच्या घरी कशावरही बोट आपटलेलं नाही, ताटावरसुद्धा नाही. आणि आता तुम्हीच, कोणाचा हात आहे हे माहीत नसताना, एक पान भरून लिहिलंत. ते मी ऑफिसात दाराला कडी लावून वाचलं. माझ्याबद्दल इतकं चांगलं कोणीही कधी लिहिलेलं नाही, आणि नाव हॅचबर्नचं आहे म्हणून माझी काही तक्रार नाही.

तिसरा ता. क. नोंद काढा असं जे वर लिहिलंय ते खरं आहे आणि मी त्यावर ठाम आहे. फक्त हे पत्र साध्या टपालाने टाकतो आहे, इथून तुमच्याकडे पोहोचायला तीन आठवडे लागतात. पुस्तकाची प्रत मात्र कुरिअरने पाठवा.