पट्टी सोडू नकोस

भीमराज,

तुझी बोटं कंपनीनंच खाल्ली. माल भराभर निघावा म्हणून प्रेस मशीनची संरक्षक जाळी काढायला लावणारा साहेबच आज तुझ्या मदतीच्या दौडीचा अध्यक्ष! थू!

मी कासारवाडीला दौडीच्या रेषा आखायला रस्त्यावर पांढरी फक्की मारायला चाललोय. दौड आपल्या पोरांनी उभी केलीय, ती मोडायची नाही. पण काल साहेब म्हणतो, "झेंडा त्यालाच दाखवू दे, पट्टी सोडून. हात बघितला की लोकांचे खिसे सैल होतात." 

तू पट्टी बांधूनच ये, आणि जाळी कुणी काढायला लावली ते माइकवर बोल. नोकरी जाईल, माझीसुद्धा. बोलणार का? पळणाऱ्यांसाठी पाण्याचे माठ घेऊन आई इकडे येतेय, तिच्याजवळ हो-नाही सांगून पाठव.

— ज्ञानदेवदादा