कॅलेंडरच्या पाठीवरचं पत्र

मोदिल्याना,
शुक्रवार, २५ ऑक्टोबर १९७४

चि. ओरियानोस,

आशीर्वाद रीत म्हणून लिहिते, आज मनातून निघत नाहीत. काल गुरुवार. गुरुवारी तुझं साप्ताहिक इओलेच्या पार्लरमध्ये येतं आणि बायका आधी तुझं आरोग्याचं पान उघडतात, हे मीच तुला दर वेळी कौतुकानं कळवत आले. काल इओलेनं ते मोठ्यानं वाचलं. ‘खचलेली’ अशी सही करून कोणा बाईनं विचारलं होतं की ओझं उचललं की अंग बाहेर येतं, हसलं-शिंकलं तरी लघवी थांबत नाही, गावच्या डॉक्टरला दाखवायची लाज वाटते, काय करू. त्यावर तुझं उत्तर: “बाईसाहेब, जुन्या घराची दारं सैल होतातच. ओझं नवऱ्याला उचलू द्या, आणि विनोदी सिनेमाला जाऊ नका.”

सात बायका हसल्या. सगळ्यांत मोठ्यानं मी हसले. न हसते तर कळलं नसतं का सगळ्यांना? हसता हसता खाली ओलं झालं. कोट मांडीवर ओढून बसले आणि शेवटची बाई जाईपर्यंत उठले नाही. इओलेला म्हटलं, केस अजून वाळले नाहीत.

आता कळलं, खचलेली कोण ते? बावीस वर्षं हॉटेलच्या धुलाईघरात ओल्या चादरी उपसतेय. तू मिलानला शिकत होतास तेव्हाही उपसतच होते. दुसऱ्या नावानं लिहिलं, कारण भावाला असलं कसं विचारायचं? आणि नवरा जाऊन नऊ वर्षं झाली हे मी त्या पत्रात स्पष्ट लिहिलं होतं. ते वाक्य छापलं नाहीस, वर त्याच नवऱ्याला ओझं उचलायला लावलंस.

मला एवढंच सांग, की तू न ओळखता केलंस.

तुझी ताई,
आर्जा


मिलान,
मंगळवार, २९ ऑक्टोबर

ती. ताईस, मान खाली घालून नमस्कार.

हे तिसरं पत्र. आधीची दोन फाडली, त्यांत खोटं होतं.

मी ओळखलं होतं. धान्य-संघाच्या कॅलेंडरचं पान फाडून त्याच्या पाठीवर पत्र लिहिणारं आपल्या घराखेरीज कोण आहे? मागे फेब्रुवारीच्या बैलाचं चित्र होतं. दोन ओळी वाचल्या आणि कानापर्यंत तापलो. आई गेल्यावर मला न्हाऊ-माखू घालणारी तू, आणि हे असलं तुझ्याबद्दल मला वाचवेना. फोन उचलला, ठेवला. संपादकांना दर अंकात एक हसवणारं पत्र लागतं. त्या आठवड्यात नव्हतं. तुझं घातलं. थट्टा केली की ती बाई दुसरीच कुणी तरी होते, असं काहीसं मनाला सांगितलं. विधवा असल्याचं गाळलं, कारण मग थट्टा जमत नव्हती.

गावात मला डॉक्टर म्हणतात, मी कधी दुरुस्त केलं नाही. पण माझं प्रत्येक उत्तर छापण्याआधी मी एका खऱ्या डॉक्टरला दाखवतो. आठ वर्षांत एकच दाखवलं नाही.

काल ते डॉ. वेझ्झानींना दाखवलं. बाई आहेत, याच दुखण्याच्या जाणकार. त्या म्हणाल्या की हे फार बायकांना होतं, आत एक रबरी कडी बसवतात, नाही भागलं तर ऑपरेशन, आणि बाई बरी होते. मग ते छापील पान माझ्या हातात परत ठेवून डायरी उघडली. मंगळवारी, १२ नोव्हेंबरला त्यांनी तुला वेळ दिली आहे. ये. इओलेला सांग, मिलानची दुकानं बघायला चाललीस. कुणाला कळणार नाही.

तुझा,
ओरियानो


मोदिल्याना,
रविवार, ३ नोव्हेंबर

चि. ओरियानोस,

तुझं पत्र आलं तेव्हा पियादिना लाटत होते. वाचलं आणि लाटत राहिले. एक रोटीसुद्धा गोल झाली नाही.

बारा तारखेला येते. पण दुकानं बघायला म्हणून नाही.

काल मृतात्म्यांचा दिवस. नवऱ्याच्या थडग्यावर शेवंती ठेवत होते, तर दिर्चे आली. पार्लरमध्ये माझ्या खालोखाल तीच हसली होती. इकडचं तिकडचं बोलली, मग म्हणाली की तिसऱ्या बाळंतपणापासून तिचंही तसंच आहे. चार वर्षं नाचाला गेली नाही. या महिन्यात डॉक्टरकडे जायचं ठरवलं होतं, ते पान ऐकलं आणि रद्द केलं. “आपणच आपलं हसं कशाला करून घ्यायचं, आर्जा?”

मी तिला सांगितलं की ती खचलेली मी. दिर्चे थडग्याच्या कठड्यावर टेकली. तू ओळखून लिहिलंस हे मात्र सांगितलं नाही. तेवढी तुझी लाज मी राखली. पुन्हा राखणार नाही.

तुझं पहिलं मोठं पान माझ्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेलं आहे. रंगाच्या कारखान्यातल्या बायकांच्या हातांची साल निघत होती, तू दारोदार फिरलास, त्यांना विचारून त्यांची नावं छापलीस. त्यात एक विनोद नव्हता. मी शिकलेली थोडी, पण ते मी तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा सगळं समजलं होतं. तो मुलगा मी वाढवला. हा दुसरा कोण, मला माहीत नाही.

आता ऐक. २१ तारखेच्या अंकात, त्याच जागी, माझं पत्र पुन्हा छाप. सगळं. विधवा, बावीस वर्षं, ओल्या चादरी. खाली दिर्चेला समजेल असं लिही, की हे कशानं होतं, कुणाला दाखवायचं, कडी काय असते. आधी डॉक्टरीणबाईंना दाखव. सही ‘खचलेली’ नको. आर्जा, मोदिल्याना. लाज माझ्या वाट्याची मी भोगली, उरलेली तू घे, आणि मागचं उत्तर चुकलं हे तिथंच लिही.

संपादक नाही म्हणाले तर तसं कळव, पण कळव. सान मार्तिनोच्या सणाच्या दिवशी, सोमवारी ११ तारखेला, दुपारच्या टपालापर्यंत उत्तर हातात पाहिजे. नाही आलं तरी मंगळवारी मी गाडीत बसेन, डॉक्टरीणबाईंकडे जाईन आणि परत येईन. तू स्टेशनवर येऊ नकोस.

हे पान ऑक्टोबरचं आहे, मागे द्राक्षं आहेत. ओळखशीलच. लोभ आहे, तो मागत नाही. उत्तर मागते, सोमवारपर्यंत.

ताई