हरणीचे पथ्य

शके १७११, भाद्रपद शुद्ध दशमी

वैद्यबुवांशी आज धडधडीत खोटे बोललो. काय करणार? मागल्या खेपेला खरे सांगितले तर म्हणाले, "पंत, मी माणसांचा वैद्य. कुत्र्याचे काय ते पागेतल्या साळोत्र्याला विचारा." विचारले. साळोत्री मेहबूबखान घरी आला, हरणीचे मागले पाय चाचपले आणि म्हणाला, "कंबरेवर दोन डाग देतो पंत, पळायला लागेल." डाग! तापल्या सळईचे! घोड्यासारखा घोडा डागताना किंकाळ्या फोडतो, आणि ही म्हातारी! म्हटले, आधी स्वतःच्या कंबरेला देऊन बघ. दार दाखवले.

म्हणून आज वैद्यबुवांना सांगितले, घरी एक म्हातारे माणूस आहे. सांधे धरलेत. सकाळी उठताना कळवळते, पायरी चढवत नाही. लगेच डोळे मिटून गंभीर झाले. आमवात! निर्गुडीच्या पाल्याचा शेक, सुंठीच्या काढ्यातून एरंडेल. आणि पथ्य कडक — तळलेले नाही, उडीद नाही, दही-दूध नाही, जड काही म्हणून नाही. गुरगुट्या भात आणि मुगाचे कढण. "काढा मुकाट घेतात ना?" म्हणाले. म्हटले, चावतात. बुवा चकितच झाले.

शुद्ध द्वादशी

बयाक्काने कढण करून दिले, पण तोंड वाजवतच. "विसू, सख्ख्या बहिणीच्या गुडघ्यांना कधी पाला बांधला नाहीस रे." अक्का माझ्याहून थोरली, नवरा गेल्यापासून इथेच. तिचे सोवळे आणि माझी कुत्री, यांच्या मधोमध माझा जन्म चालला आहे.

पण करू काय? शिकारखान्याचे दफ्तर मी सांभाळत होतो तेव्हा ही हडपसरच्या माळावर डुकराच्या अंगावर जायची. पाय आखडले, तसा दारोगा म्हणाला, आता हिचा काय उपयोग, पर्वतीमागच्या रानात सोडून द्या. सोडून द्या! जुने जोडे आहेत का? त्याच दिवशी घरी आणली. ब्राह्मणाच्या घरात शिकारी कुत्री — आळीने बोलायचे ते बोलून घेतले. अजून बोलतेच आहे.

अनंत चतुर्दशी

समोरचे यज्ञेश्वरशास्त्री ओट्यावरून म्हणाले, "अहो पंत, आपले श्वान आपल्या अंगणात असावे. रस्ता सर्वांचा आहे." हरणी उन्हाला पडली होती, एवढाच अपराध. ऊन लागले की तिला जरा बरे वाटते. म्हटले, "ऊनही सर्वांचे आहे, शास्त्रीबुवा." आत निघून गेले.

हेच ते गृहस्थ. आषाढात कोणाच्या तरी पोटरीला कुत्रे चावले, तर यांनी पुढाकार घेऊन माणसे लावली आणि आळीतली सगळी भटकी कुत्री नदीपार हाकलली. पिल्लेसुद्धा! आता आख्ख्या आळीत कुत्रे म्हणून एकटी हरणी.

पौर्णिमा

उंबरा ओलांडला! एकटीने! मी धरले नव्हते. अक्कानेही पाहिले, नाही म्हणायला तोंड नाही तिला.

वद्य प्रतिपदा

संताप, संताप, संताप!

पितृपंधरवडा लागला हे माझ्या ध्यानातच नव्हते. दुपारी डोळा लागला होता. उठून बघतो तर अंगणात केळीचे पान, त्यावर वडे, खीर, दह्यात कालवलेला भात — आणि हरणी पान चाटते आहे! कोपऱ्यावरच्या घरी श्राद्ध होते. गायीचा घास गायीला, कावळ्याचा कावळ्याला, आणि श्वानबळी ठेवायला आळीत कुत्रे कुठे उरले आहे? आणून ठेवला माझ्या दारात!

वद्य द्वितीया

आज तीन घरांची पाने. दोन मी वेळेत उचलली. तिसऱ्यावर ती आधी पोचली. चालताना कण्हणारी कुत्री वड्याच्या वासाला बरी तुरुतुरु जाते!

शास्त्रीबुवा स्वतः आले होते, हातात पान. वर्षभर "हाड, हाड" करणारा माणूस आज गोड आवाजात म्हणतो, "ये गं, ये." अंगाची लाही झाली. आडवा उभा राहिलो. म्हटले, हिला पथ्य आहे.

"कुत्र्याला पथ्य?" शास्त्री हसले. "पंत, आज माझ्या तीर्थरूपांची तिथी. घास अडवू नये. पितरांची वाट अडते."

"आणि आषाढात कुत्री नदीपार घालवली तेव्हा पितरांची वाट कोणी अडवली?"

"ती चावरी होती."

"मग जा नदीपार! तिथे बसलीत सगळी, पान घेऊन जा!"

आळी जमली. शास्त्रीबुवांनी पान खाली ठेवले नाही, परतही गेले नाहीत. तसेच उभे. शेवटी मीच दार लावले. यंदा संवत्सराचे नाव सौम्य आहे. माझे डोके नाही.

वद्य चतुर्थी

हरणीचा गुडघा सुजला. रस्त्याच्या बाजूची फट फळीने बुजवली. तरी एक वडा आत आलाच, भिंतीवरून! कोणाचे पितर हे असे फेकून मारतात?

वद्य षष्ठी

आज आमच्या दादांचे श्राद्ध. मी अक्काला आधीच सांगून ठेवले होते, कुत्र्याच्या घासावर नुसता भात. वडा नाही, खीर नाही. अक्का पळी टाकून उठली. "बापाच्या घासातसुद्धा काटकसर? जन्मभर त्यांनी दारातल्या कुत्र्याला उपाशी ठेवले नाही." म्हटले, दादा असते तर त्यांनीच सांगितले असते. डोळे पुसत आत गेली. मी नुसता भात ठेवला. हरणीने हुंगला, माझ्याकडे पाहिले आणि सावकाश खाल्ला. किती गुणाची!

वद्य सप्तमी

सकाळी उठेना. मागले दोन्ही पाय लाकडासारखे. हात लावला तर दात दाखवले — मला! पोट फुगलेले. आणि उलटीत काय निघाले? वडे!

अक्काला विचारले. मान वर करीना. "एकच दिला रे. दोन असतील. दादांचा घास होता, विसू, माझ्याच्याने राहवेना." मी काय बोललो ते इथे लिहीत नाही. मोठी बहीण आहे. पण आळीशी भांडायचे आणि चुलीशीही भांडायचे — एका माणसाने किती ठिकाणी पहारा करावा? या सगळ्यांना मेलेल्यांच्या भुकेची काळजी, आणि जिवंत जनावर डोळ्यांदेखत कण्हते आहे त्याचे कोणाला काही नाही!

वद्य नवमी

शेक. एरंडेल ओकून टाकले. अक्का न बोलता निर्गुडी खुडून आणते, गरम करून देते. बांधताना हरणीचे डोके मांडीवर घेतले तिने. सोवळे गेले.

वद्य द्वादशी

वैद्यबुवांना घरी आणले. म्हटले, म्हातारे माणूस हलत नाही, आपणच नाडी पाहा. आले, पाय धुतले, उपरणे सावरले. "कुठे आहेत?" मी माजघरात नेले.

लाल झाले! "पंत! मी या हातांनी सरदारांच्या नाड्या पाहतो!" म्हटले, हिचीही चालते आहे, पाहा तर खरे. "थट्टा करता म्हाताऱ्या वैद्याची?" मी म्हटले, माझ्या तोंडाकडे बघा, थट्टा दिसते का? तेव्हा थांबले. जवळ काही आले नाहीत. लांबूनच पाहिले — डोळे, पोट, श्वास. बराच वेळ पाहिले. काढा कुठला वाढवू, विचारले. मान हलवली.

"पथ्य काय ठेवू?"

"आता पथ्य नको. जे खाईल ते द्या."

जे खाईल ते द्या! हा काय वैद्य! एवढे दिवस मूठमूठ भात शिजवला, फटी बुजवल्या, आळीशी उभा दावा मांडला, तो कशासाठी? आमवाताला जड अन्न विष, हे याचेच शब्द ना? माणसाचा रोगी असता तर बोलला असता असे? कुत्री म्हणून हात झटकले! कढणच देणार. पाला बदलणार. बघतोच.

वद्य त्रयोदशी

कढणाला तोंड लावले नाही. बोट बुडवून जिभेला लावले. तोंड फिरवले.

वद्य चतुर्दशी

भातही नाही. पाणी थोडे. दुपारी कोणीतरी दारात पान ठेवले होते, मी लाथेने उडवले. अक्का म्हणाली, "विसू, बुवा काय म्हणाले होते?" मी तिच्यावर खेकसलो. हरणीने नुसता कान हलवला.

सर्वपित्री अमावास्या

सगळ्या आळीत तळणाचा वास. हरणीने डोळे उघडले, नाक वर केले. किती दिवसांनी.

उठलो. शास्त्र्यांच्या दारात गेलो. ते सोवळ्यात, चूल पेटलेली, ब्राह्मण अजून यायचे होते, पितरांचे पान वाढायचे होते. त्याआधी घरातल्या पोरालाही चव मिळत नाही, मला काय ठाऊक नाही? तरी म्हटले, "शास्त्रीबुवा, एक वडा द्या."

त्यांनी कढईतला पहिला वडा काढून माझ्या हातावर ठेवला.

तिने अर्धा खाल्ला.