भिंती माझ्या, खिडक्या धाकटीच्या

मी, घरांची चित्रं काढण्यात आयुष्य घालवलेली बाई, आज पूर्ण शुद्धीवर आहे. डॉक्टरीणबाईंनी तसं तपासून सांगितलं आहे. मला कोणी भरीस घातलेलं नाही. माझ्यामागे माझ्या चीजवस्तूंची व्यवस्था पुढीलप्रमाणे व्हावी.

राहतं घर आणि बँकेतली शिल्लक भाचीला द्यावी. ती धाकटीची मुलगी असली तरी आईच्या वळणावर गेलेली नाही.

रंग, ब्रश आणि ईझल माझ्या चित्रांना चौकटी बसवणाऱ्या चौकटवाल्यांसाठी होते, पण तेच या कागदाचे साक्षीदार. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही असं कळलं, म्हणून ते आत्ताच त्यांच्या दुकानात पोहोचवले आहेत.

आता माझी धाकटी बहीण. सपाट छपरांची, खांबांवर उचललेली, काचेच्या भिंतींची नव्या धाटणीची घरं मी रस्त्यापलीकडे उन्हात उभी राहून रंगवली. हिला पट्टीशिवाय सरळ रेघ ओढता येत नाही. हिने माझे फसलेले कागद टोपलीतून उचलले, कापले, खिडक्यांत जुन्या पडद्यांचे तुकडे आणि औषधांची वेष्टनं चिकटवली आणि कोलाजवाली म्हणून नाव कमावलं. प्रदर्शनात माझ्या चित्रांपुढे लोक जांभया देत, तिच्यापुढे गर्दी. "काय जिवंत घर आहे!" म्हणत एका बाईंनी बोट ठेवलं, ती भिंत माझी होती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, अजून होतो. सबब, माझं एकही पूर्ण चित्र तिच्या कात्रीखाली जाऊ नये. ती सगळी कलाशाळेला द्यावीत.

इथवर लिहून झालं होतं, आणि काल धाकटी तब्येत विचारायला आली. भिंतीला टेकवलेल्या माझ्या अपुऱ्या चित्राकडे बघत राहिली. त्यातली मोठी खिडकी मी पुन्हा पुन्हा खरवडली आहे. आत काय असावं ते सुचतच नाही.

"ताई, आतून कुणीतरी आत्ताच उठून गेलंय गं," ती म्हणाली. "खुर्ची अजून सरकलेलीच आहे. तुला दिसत नाही?"

मला दिसत नाही. तिला पर्ससुद्धा खाली न ठेवता दिसलं, याचा मला अतोनात हेवा वाटतो. पण मी गेल्यावर ती खिडकी कोरीच राहील, याची भीती त्याहून जास्त वाटते.

म्हणून हे एक चित्र धाकटीला द्यावं. तिने ते कापावं, त्यावर चिकटवावं, हवं ते करावं. फक्त खाली नावं घालताना माझं वर आणि तिचं त्याखाली असावं. मोठी मी आहे.

स्थळ: राहतं घर, उत्तरेच्या उजेडाची खोली
दिनांक: १४ नोव्हेंबर
लिहून देणारीची सही

आमच्यादेखत वाचून सही केली. हात थरथरला नाही.
साक्षीदार: १. चौकटवाले (सही) २. डॉक्टरीणबाई (सही)